गंजावरची टोपी

चाफल्यांच्या डोक्याचं माप त्यांना विचारता येईना.
विचारलं असतं तर भेट उरली नसती,
नुसतं काम उरलं असतं.
तेव्हा पंचफुलाबाईंना नळावर गाठलं.
त्या पदर तोंडाशी धरून हसल्या
आणि घरातून भाजीचा गंज घेऊन आल्या.
"होळीले घातला होता यायनं डोक्यावर.
निघता निघेना. तेल लावून काढला मंग."

तर असा एक जर्मलचा गंज
माझ्या टेबलावर, सहामाहीच्या पेपरांशेजारी,
पालथा.

इतवारीतला दुकानदार म्हणाला, नारंगी घ्या, बाई, नागपूरची!
पहाटेपासून दुपारपर्यंत जो माणूस
कळमन्यात तोच रंग बघतो
त्याच्या डोक्यावर पुन्हा तोच?
मी शेवाळी घेतली. सहा गुंडे.

मी गणिताची बाई. एकशेवीस टाके,
सहा सुलटे, दोन उलटे, म्हणजे पंधरा वेण्या,
भाग निःशेष.
पण चार सुयांवर तीस तीस टाके,
आणि तिसाला आठाने भाग जात नाही,
म्हणून प्रत्येक फेरीत दोन वेण्या
नेमक्या सुयांच्या सांध्यावर फाटतात.
पीळ घालताना तीन टाके पुढे टांगलेले,
तीन मागे वाट बघत,
आणि जास्तीची सुई माझ्या दातात.
त्या अवस्थेत दारावर आलेल्या पोट्ट्याला मी
नापास का केलं, ते नीट सांगू शकले नाही.

नवव्या वेणीचा पीळ उलटा पडला होता.
कळलं अकरा फेऱ्यांनंतर.
कोण बघणार होतं? चाफले तर नक्कीच नाही.
रात्री दीड वाजता सहाच टाके खाली सोडले,
अकरा पायऱ्यांची शिडी,
आणि क्रोशाच्या सुईने एकेक धागा वर चढवत आणला,
दिव्याखाली, श्वास धरून,
जसं त्या रात्री मॅटाडोरमध्ये
संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसून
बाबांचं डोकं मांडीवर धरलं होतं.
चाफले चालवत होते. मेडिकलपर्यंत एकही खड्डा
त्यांनी लागू दिला नाही.
बाबा परत आले नाहीत, तो भाग वेगळा.
डिझेलचे पैसे घेतले नाहीत, तो भाग मात्र
तीन वर्षं माझ्याकडे पडून होता.

टोपी संक्रांतीच्या आत झाली.
गंजावर चढवली, गंजासकट दिली,
भांडं रिकामं परत करू नये म्हणून.

चौथ्या दिवशी चाफले दारात.
"बाई, टोपी जबरदस्त हाये. डोक्यात हिटर लावल्यावानी.
पन आज बोली ऐकूच नाई आली ना मले.
अकराशेचे सातशे लिहून बसलो.
अडत्या असा बोंबलला, बाप्पा!
तेवढं मात्र ऐकू आलं."
टोपी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती,
आजारी कोंबडी धरावी तशी.

खालून विणलेलं खालून उसवत नाही.
शेंड्यापासून सुरुवात करावी लागते.
सगळ्या वेण्या, नववीसुद्धा, उलगडत उलगडत
मी कानापर्यंत आले.
लोकर कुरळी होऊन मांडीवर साठली,
अजून तिला टोपीच आठवत होती.
मग दोन्ही बाजूंना टाके बंद केले,
पुढच्या फेरीत तितकेच नवे घेतले:
सदऱ्याला काज ठेवतात तसं,
फक्त काजाऐवजी कान.
गंजाला कान नसतात. ते मी विसरले होते,
आणि मापात चूक झाली ती तेवढीच.

आता साडेतीनला लूना सुरू होते.
पहिल्या लाथेत कधीच नाही, तिसऱ्या-चौथ्या.
मी खिडकी किलकिली करते.
गल्लीत धुकं, दिव्याखाली शेवाळी डोकं,
आणि दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले
लालभडक कान.

थंडी तर वाजतच असणार त्यांना.